झरणीत शाई कशी भरावी?

चिंचवडहून एका वाचकभगिनीचे पत्र आले आहे. प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु पत्र दुसऱ्यांदा वाचले तेव्हा तो तसा नाही असे ध्यानात आले, म्हणून ह्या महिन्याचे हे पान त्यासच देत आहे.

हकीकत अशी. घर एकत्र, माणसे नऊ. त्यांचे मामंजी पिंपरीच्या एका कारखान्यात उभी हयात नोकरी करून निवृत्त झाले. पहिल्या पगारातून त्यांनी पुण्यास अप्पा बळवंत चौकात काळ्या एबोनाइटची एक झरणी विकत घेतली. ती आजतागायत चालू आहे. खंडेनवमीस भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांतून यंत्रांना झेंडूच्या माळा पडतात, त्याच दिवशी ह्या घरी पाटावर पुस्तके, कंपासपेटी आणि ती झरणी मांडली जाते. यंदा पूजा आटोपल्यावर मामंजींनी झरणी उचलून थोरल्या नातीच्या हाती दिली आणि म्हणाले, ‘‘दहावीची परीक्षा हिनेच लिही.’’

तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. मुलीचे वडील चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात अभियंते आहेत. ड्रॉपरने शाई भरण्याचे दिवस गेले, मुलीला कार्ट्रिजचे पेन आणून द्यावे, असे त्यांचे म्हणणे. धाकटे काका कन्व्हर्टरचा आग्रह धरतात. सासूबाईंचा सवाल एवढाच की, शाईचे गणवेश धुणार कोण? मुलगी काहीच बोलत नाही. मात्र रात्री ती झरणी उशाशी घेऊन निजते. पत्राच्या शेवटी आईने लिहिले आहे : ‘‘मामंजींचे मन मोडवत नाही आणि मुलीचे वर्ष पणाला लावण्याचा धीर होत नाही. शाई भरण्याची कोणती रीत धरावी?’’

प्रश्न असा असल्यामुळे उत्तरही थोडे मुळापासून द्यावे लागेल. कारण रीत निवडावयाची ती घरातील कोणाचा शब्द राहावा म्हणून नव्हे, तर झरणीच्या पोटात काय चालते ते समजून घेऊन.

झरणी लिहिते ती दोन गोष्टींच्या देवघेवीवर. निबाखालच्या जिभेतील बारीक खाचांतून शाई खाली उतरते, आणि जेवढी शाई उतरली तेवढी हवा त्याच वाटेने वर चढते. अमेरिकेतील लुइस वॉटरमन ह्यांनी १८८४ साली ज्या रचनेचे पेटंट घेतले तिचे मर्म हेच होते. ही देवघेव सुरळीत चालली की अक्षर एकसारखे उमटते. हवेला वर जाण्यास वाट मिळाली नाही तर पेन अडते. आतली हवा एकाएकी फुगली तर ती शाईस पुढे ढकलते आणि कागदावर डाग पडतो. शाई भरण्याच्या सर्व रीतींत फरक आहे तो एवढाच की, शाई किती मावते, तिच्या डोक्यावर हवा किती राहते, आतले काय झिजते आणि धुण्यास किती श्रम पडतात.

सर्वांत जुनी रीत ड्रॉपरची. नळीचे आटे उलगडावेत, ड्रॉपरने दौतीतली शाई थेट नळीत सोडावी आणि आटे पुन्हा आवळावेत. वॉटरमनची आरंभीची पेने अशीच भरीत. आपल्याकडे राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम ह्यांनी स्वदेशीच्या काळात अशाच झरण्या हातांनी घडविल्या. त्यांची झरणी कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींकडे वर्ध्यास पोहोचली, आणि जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी पत्र लिहून त्यांचे आभार मानले. ह्या रीतीत नळीच शाईचे भांडे असल्याने दोन ते चार मिलिलिटर शाई सहज मावते. आत रबर नाही, स्प्रिंग नाही, दट्ट्या नाही; त्यामुळे बिघडण्यासारखेही काही नाही. मामंजींची झरणी इतकी वर्षे टिकली ती त्यांच्या निगेमुळे, हे खरेच. परंतु तिच्या पोटात कुजणारे काहीच नव्हते, हेही तितकेच खरे.

दुसरी रीत रबरी पिशवीची. नळीच्या आत रबराची लांबट पिशवी असते. ती दाबून हवा काढावी आणि सोडली की ती शाई ओढून घेते. पिशवी कशाने दाबावी ह्यावर त्या काळी कारागिरांनी पुष्कळ डोके चालविले. कॉन्क्लिन ह्यांनी बाहेर अर्धचंद्राकृती चकती काढली. आयोवा प्रांतातील वॉल्टर शेफर नावाच्या जवाहिऱ्याने १९०८ साली नळीच्या अंगात मिटून बसणाऱ्या खटक्याचे पेटंट घेतले. बोटांना शाई न लागता झरणी भरू लागली, आणि ड्रॉपरचे राज्य मावळले. परंतु रबराचे आयुष्य माणसाहून कमी. माझ्या वडिलांची खटक्याची झरणी त्यांच्या पश्चात कपाटात बारा वर्षे पडून होती. एके दिवशी ती काढून मी खटका ओढला. तो हलेना, म्हणून जोर केला. आतली पिशवी केव्हाच दगडासारखी झाली होती; खटका वाकला आणि नळीस चीर गेली. दोन दिवस थांबून जाणत्या माणसाकडे दिली असती तर नवी पिशवी घालून ती पुन्हा लिहिती झाली असती. ज्यांच्या घरी अशी जुनी झरणी असेल त्यांनी एवढे तरी शिकावे : खटका हलत नसेल तर जोर करू नये.

तिसरी रीत दट्ट्याची. जर्मनीतील पेलिकन कंपनीने १९२९ मध्ये मागचे टोक फिरविताच आतला दट्ट्या मागेपुढे सरकेल अशी झरणी बाजारात आणली. हिच्यात साधारण एक ते दीड मिलिलिटर शाई मावते, आणि निब दौतीत बुडविले की काम भागते. दोष एवढाच की, दट्ट्या नळीशी जडलेला असल्यामुळे ती धुताना पाणी पुन्हा पुन्हा आत ओढून बाहेर टाकावे लागते. आणि दट्ट्या जड चालू लागला तर घरच्या घरी उपाय नाही.

चौथी रीत कार्ट्रिजची. शाईने भरलेली सीलबंद कुपी पेनात खोचली की आतल्या टोकाने तिचे तोंड फुटते. फ्रान्समध्ये १९३६ च्या सुमारास वॉटरमनच्या शाखेने काचेच्या कुप्या काढल्या. प्लास्टिकच्या कुप्यांचा प्रसार १९५० नंतरचा. सोय अशी की दौत नको, फडके नको. परंतु सर्वत्र मिळणाऱ्या आखूड कुपीत शाई सुमारे पाऊण मिलिलिटरच असते. म्हणजे तीस मिलिलिटरच्या एका दौतीत चाळीस कुप्यांची शाई, आणि त्या चाळीसही कुप्या शेवटी कचऱ्यात. शिवाय काही कंपन्यांच्या कुप्या दुसऱ्या कंपनीच्या पेनात बसत नाहीत, हे खरेदीपूर्वी पाहून घ्यावे. ज्यांना हा कचरा सोसवत नाही ते रिकामी कुपी धुऊन औषधाच्या दुकानातील नव्या सिरिंजने पुन्हा भरतात. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पेनिसिलीनसाठी ख्याती पावलेल्या त्या गावी सिरिंजने पेन भरले तर नवल वाटावयास नको! मात्र भरताना सिरिंजला बोथट सुई लावावी आणि मुलांच्या हाती ती देऊ नये.

पाचवी रीत, धाकट्या काकांची, कन्व्हर्टरची. कुपीच्याच जागी बसणारी ही छोटी पिचकारी होय. टोक फिरविले की दौतीतली शाई वर येते. मावते थोडी, अर्धा ते पाऊण मिलिलिटर. पण काढून नळाखाली धुता येते, बिघडली तर दुसरी मिळते, आणि अडचणीच्या वेळी ती काढून कार्ट्रिज घालता येते. आजच्या विद्यार्थ्यासाठी नव्याने पेन घ्यावयाचे झाले तर मी कन्व्हर्टरचेच घ्या म्हणेन.

परंतु ह्या घरी प्रश्न नव्या पेनाचा नाही. तेव्हा ड्रॉपरच्या झरणीवर जो आक्षेप आहे, ती गळते हा, तो खरा किती आणि भीतीपोटी किती, हे आकड्यांनी पाहू.

समजा, नळीत तीन मिलिलिटर शाई मावते आणि ती अर्धी संपली आहे. म्हणजे दीड मिलिलिटर हवा आत आहे. खोलीचे तापमान २८ अंश सेल्सिअस असून हाताच्या उबेने ही हवा ३५ अंशांपर्यंत तापली, तर ती सव्वादोन टक्क्यांनी फुगेल. म्हणजे सुमारे ०.०३५ मिलिलिटर शाई पुढे ढकलली जाईल. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. तेव्हा पाऊण थेंब शाई जिभेत जास्तीची आली. नव्या पेनांच्या जिभेस पुष्कळ दाते असतात, ते ही शाई धरून ठेवतात. जुन्या झरणीची जीभ साधी असेल तर हाच पाऊण थेंब उत्तरपत्रिकेवर उतरू शकतो. आता तीच झरणी काठोकाठ भरलेली घ्या. आत हवा ०.२ मिलिलिटर. ती तेवढीच तापली तर जेमतेम ०.००५ मिलिलिटर शाई ढकलते, थेंबाचा दहावा भाग. ह्यावरून नियम असा निघतो की, ड्रॉपरची झरणी भरलेली असताना गळत नाही, रिकामी होत आली की गळते. पुष्कळ जण नेमके उलट समजतात आणि गळू नये म्हणून अर्धीच भरतात.

हाच न्याय घाटास लागू आहे. मुंबई समुद्रकाठी, लोणावळा सहाशे मीटरांहून उंच. बोरघाट चढून येईतो बाहेरच्या हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी उतरतो. अर्ध्या झरणीतील दीड मिलिलिटर हवा तेवढ्याच प्रमाणात फुगली की दोन थेंब शाई बाहेर पडावयास वाव मिळतो. खिशात निब खाली असेल तर सदऱ्याचे काय होणार, हे सांगावयास नको. निब वर ठेवले म्हणजे हवेलाच बाहेर वाट मिळते. म्हणून प्रवासात झरणी पूर्ण भरलेली तरी असावी, नाहीतर अगदी रिकामी. आणि निब सदैव आकाशाकडे. मुलीच्या वडिलांची मोटार चाकणच्या उन्हात दिवसभर उभी राहते. त्यांनी तर पेन गाडीत ठेवूच नये.

शाईविषयीही दोन शब्द. चिंचवडापासून देहू फार दूर नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून कोरड्या वर आल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेचा अर्थ शाईच्या शास्त्राने लावण्याचे कारण नाही. परंतु जुन्या पोथ्या ज्या काजळीच्या शाईने लिहिल्या जात त्या काजळीचा रंग पाण्यात विरघळत नाही, हे प्रसंगाने सांगितले पाहिजे. कारण जो गुण बोरूच्या लेखनास तारक तोच झरणीस मारक आहे. काजळीचे कण वाळले की जिभेच्या खाचा कायमच्या बुजतात. म्हणून चित्रकलेची काळी शाई झरणीत कधीही घालू नये. झरणीची शाई म्हणून मिळते ती पाण्यात विरघळलेल्या रंगाची असते. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड व वड्या करून धंदा आरंभिला. त्याचाच पुढे कॅम्लिन झाला, आणि मराठी घरांतील कित्येक पिढ्यांच्या बोटांना ती शाई लागली. अशी साधी निळी शाई मुलीस उत्तम. दोन शाया एकत्र मिसळू नयेत. रंग बदलावयाचा तर झरणी आधी स्वच्छ धुवावी.

धुण्यास गार पाणी पुरे. कढत पाण्याने एबोनाइटचा काळा रंग विटून तपकिरी होतो, आणि स्पिरिटने काही पेनांची नळी खराब होते. विंधणविहिरीचे जड पाणी असेल तर शेवटचे खळबळणे शुद्ध पाण्याने करावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी जे सीलबंद पाणी विकत मिळते ते चालते, पण बाटली नवी असावी. महिन्यातून एकदा झरणी धुतली की ती फारशी कुरकुर करीत नाही. नळीच्या आट्यांवर सिलिकोन ग्रीसचा पातळ हात फिरवावा, म्हणजे तेथून शाई झिरपत नाही. आणि सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर : गणवेशावर शाई पडली तर तत्काळ गार पाण्याची धार धरावी, चोळू नये, डाग निघेपर्यंत गरम पाणी व इस्त्री दूर ठेवावी. धुण्याचे काम मात्र जिच्या हातून शाई सांडली तिनेच करावे.

आता निर्णय. वडील मंडळींविषयी पूर्ण आदर राखून मला असे स्पष्ट सांगितले पाहिजे की, खंडेनवमीस हाती आलेली झरणी केवळ आशीर्वाद म्हणून परीक्षेत नेऊ नये. आशीर्वादाने हवा फुगावयाची थांबत नाही. परंतु ड्रॉपरचे दिवस गेले म्हणून ती कपाटात ठेवावी, हेही मला मान्य नाही. मुलीबरोबर झरणीलाही परीक्षेस बसवावे. आजपासून रोजचा गृहपाठ तिने ह्याच झरणीने लिहावा. शाळेत जशा उत्तरपत्रिका मिळतात तशा पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी लिहून पाहावे. शाई फुटते काय, पाठीमागे उमटते काय, हे तेथेच कळेल. घड्याळ लावून सलग तीन तासही लिहून पाहावे. नंतर शाळेची पूर्वपरीक्षा तिने झरणीने द्यावी. तीत डाग पडला नाही, हात दुखला नाही, वेळ पुरला, तर झरणी उत्तीर्ण झाली असे समजून ती मंडळाच्या परीक्षेस न्यावी. प्रत्येक पेपरच्या आदल्या रात्री ती काठोकाठ भरावी, टीपकागद जवळ असावा, शाईचा रंग मंडळाच्या सूचनांत सांगितलेलाच असावा, आणि कंपासपेटीत दुसरे सवयीचे पेन अवश्य असावे. पूर्वपरीक्षेत झरणी नापास झाली तर मुलीने कन्व्हर्टरच्या पेनाने किंवा साध्या बॉलपेनाने निश्चिंतपणे लिहावे, आणि मामंजींनी ते मनास लावून घेऊ नये. पन्नास वर्षांवर सेवा केलेल्या झरणीने एक परीक्षा न दिल्याने तिची प्रतिष्ठा कमी होत नाही.

झरणी भरावयाची कोणी, हेही ठरले पाहिजे. पहिले चार रविवार मामंजींनी भरावी आणि नातीने पाहावे. पुढे नातीने भरावी आणि मामंजींनी पाहावे. आटे किती आवळावेत, जास्त आवळले तर एबोनाइटला चीर कशी जाते, जुने निब कोणत्या अंगाने चालते, ह्या गोष्टी पुस्तकांत नसतात. त्या ज्याच्या बोटांना ठाऊक आहेत त्याच्याकडूनच घ्याव्या लागतात. वस्तू वारशाने सहज मिळते. ती वापरण्याचे ज्ञान तिच्याबरोबर आपोआप येत नाही, हे माझ्या वडिलांच्या झरणीने मला फार उशिरा शिकविले. मी तिचा खटका ओढला तेव्हा विचारावयास ते नव्हते. आपल्या घरी विचारावयास माणूस आहे.

आणखी एक. पत्रात आजोबांचे मत आहे, वडिलांचे आहे, काकांचे आहे, आजींचे आहे. जिने तीन तास बसून लिहावयाचे आहे तिचे मत कोठेही नाही. ती उशाशी झरणी घेऊन निजते, हे प्रेमाचे चिन्ह असेल किंवा धास्तीचेही असू शकेल. ह्या अंकाचे हे पान तिला वाचावयास द्यावे, आणि मग सर्वांच्या देखत तिलाच विचारावे. ती जे सांगेल त्याप्रमाणे करावे. आणि पूर्वपरीक्षेनंतर झरणीचा निकाल काय लागला, तो तिनेच आम्हांस कळवावा. कोणत्या पेनाने लिहिले तेही कळवावे. अक्षरावरून ओळखण्याचा प्रयत्न आम्ही करूच.